प्रार्थनेत लढायचं म्हणजे नेमकं करायचं काय? नवीन विश्वासणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

जय ख्रिस्त सगळ्यांना.

आमच्या चर्चमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन बहीण किंवा एखादा कॉलेजचा पोरगा मला बाजूला घेऊन विचारतो, ताई, पास्टर म्हणतात ना "प्रार्थनेत लढा", "सैतानाला अडवा", तर म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. संदेशात सगळं ऐकून माणूस भारावून घरी येतो, पण दुसऱ्या दिवशी पहाटे कूलरच्या आवाजात चटईवर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हेच कळत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी बरेच महिने चुकीच्या दिशेने लढले. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहून ठेवतेय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, नागपुरात एका शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या मध्यस्थी प्रार्थनेच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या, गटात आहे, बस एवढंच.

सगळ्यात आधी: भांडण कोणाशी आहे ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं सगळं वाकडं जातं, म्हणून इथे जरा थांबा.

आमचं सासरचं घर जुनं, खाली जाऊबाई आणि वर आम्ही. सासरे गेले आणि वाटणीचा विषय निघाला, त्यात बोलाचाली झाली, मग बोलणं बंद. मी रोज पहाटे उठायची आणि चांगली तासभर प्रार्थना करायची, प्रभू तिचे डाव मोडून टाक, तिचं तोंड बंद कर, तिला सगळ्यांसमोर उघडं पाड. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय मला पाठ होता, पण शत्रू म्हटलं की डोळ्यांपुढे जाऊबाईंचाच चेहरा यायचा. असे आठ महिने गेले. घरात काही बदललं नाही. माझ्यात मात्र बदललं, जिन्यात त्यांच्या चपला दिसल्या तरी माझं अंग तापायचं.

तेव्हा माझी मावशी आठवडाभर राहायला आली होती, तिचं सगळं आयुष्य प्रार्थनेत गेलेलं. तिने दोन दिवस पहाटे माझी प्रार्थना ऐकली आणि तिसऱ्या दिवशी चहा घेताना एवढंच म्हणाली, "पोरी, तू तिच्यासाठी प्रार्थना करून राहिली का तिच्याविरुद्ध?" मी उत्तर दिलं नाही, कणीक मळायला उठले. मग तिने बायबल उघडून मला इफिस ६:१२ मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ती म्हणाली, "जाऊ म्हणजे रक्तमांस. तिच्याशी झगडणं नाहीच म्हणून लिहिलंय ना, मंग?"

त्या दिवशी मला कळलं की मी ज्याच्याशी लढतेय असं मला वाटत होतं तो सैतान तर माझ्याच बाजूला येऊन बसला होता आणि मीच त्याला रोज पहाटे तासभर जागा देत होते. दुसऱ्या दिवशीपासून मी जाऊबाईंच्या गुडघेदुखीसाठी आणि त्यांच्या मुलाच्या बारावीसाठी प्रार्थना करायला लागले, सुरुवातीला ते शब्द घशात अडकायचे. वाटणी पुढे झाली, मला हवी तशी नाही झाली, मागची खोली त्यांच्याकडे गेली. पण आता आमचं येणंजाणं आहे आणि त्या आजारी असल्या की वरण-भात माझ्याकडून जातो.

तर तुमच्या मनात सासू, साहेब, शेजारी, दुसऱ्या धर्माचे लोक, दुसऱ्या चर्चचे लोक, कोणीही माणूस "शत्रू" म्हणून बसलेला असेल तर आधी त्याला त्या खुर्चीवरून उठवा. माणूस हा शत्रू नाही, तोही ओढला जातोय.

काय काय लागेल

- कागदाचं मराठी बायबल. मोबाईलवरही आहे, पण मोबाईल उघडला की पाच मिनिटांत आपण व्हॉट्सअपवर असतो, म्हणून पहाटेपुरतं कागदाचंच.
- दोनशे पानी वही आणि पेन.
- अलार्मचं साधं घड्याळ, म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो.
- एक माणूस, ज्याला तुम्ही खरं सांगू शकता. शक्यतो बहिणींनी बहीण आणि भावांनी भाऊ निवडावा.
- तुमच्या पाळकांना माहीत असणं, की तुम्ही हे सुरू करताय.

तेल, मेणबत्ती, खास रुमाल, अमुक ठिकाणचं पाणी, यातलं काही लागत नाही आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका.

१. वेळ आणि जागा पक्की करा

वीस मिनिटं पुरे. पहिल्याच आठवड्यात दोन तासांचा संकल्प करणारे चौथ्या दिवशी झोपून राहतात आणि मग अपराधी वाटून सोडूनच देतात, हे मी खूप वेळा पाहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी डोकं चालत नाही, म्हणून पहाटे साडेचार-पाचला गच्चीवर बसणं सगळ्यात बरं, तेवढाच गार वारा मिळतो. बुटीबोरीला शिफ्टमध्ये काम करणारे आमचे एक भाऊ रात्री घरी आल्यावर अंघोळ करून बसतात, तेही चालतं. रोज तीच जागा ठेवा, म्हणजे बसलं की मन लवकर लागतं.

२. आधी अधीन व्हा, अडवणं नंतर

याकोबाच्या पत्रात ४:७ ला दोन गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: देवाच्या अधीन व्हा, सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल. आपण पहिला भाग सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारतो.

अधीन होणं म्हणजे बसल्यावर पहिली पाच मिनिटं स्वतःचं तपासणं. कालच्या दिवसात खोटं बोललो का, कोणाचे पैसे बुडवले का, कोणावर राग धरून झोपलो का. इफिस ४:२६-२७ मध्ये हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की रागात असताना सूर्य मावळू देऊ नका आणि सैतानाला वाव देऊ नका, दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत. म्हणजे राग धरून ठेवला की दाराला फट राहिली. स्तोत्र ५१ हळूहळू वाचा, जे आठवेल ते नाव घेऊन कबूल करा, ज्याला क्षमा करायची आहे त्याचं नाव मोठ्याने घ्या. आणि ज्याची भरपाई करायची असेल ती त्याच दिवशी करा, फोन करायचा असेल तर फोन करा, नुसतं प्रार्थनेत रडून ते मिटत नाही.

३. खोटं काय चाललंय ते वहीत लिहा

योहान ८:४४ मध्ये येशूने सैतानाला लबाड आणि लबाडीचा बाप म्हटलंय. म्हणजे त्याचं मुख्य काम मनात खोटं पेरायचं. म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डाव्या बाजूला मनात जे खोटं फिरतंय ते जसंच्या तसं लिहा, उजव्या बाजूला त्याला उत्तर देणारं वचन. माझ्या वहीतलं सांगते:

"देवाने तुला टाकून दिलंय" याच्यासमोर रोमकरांस ८:३८-३९.
"हे पाप माफ होण्यासारखं नाही" याच्यासमोर १ योहान १:९.
"पुढच्या महिन्यात फी कुठून भरशील" याच्यासमोर मत्तय ६:३१-३३.

आता इथे एक गोंधळ हमखास होतो. आतून टोचणी लागली तर ती पवित्र आत्म्याची की सैतानाची? प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला आपल्या बंधूंना दोष देणारा म्हटलंय, तर तोही पापाबद्दलच बोलतो, म्हणून फरक ओळखणं अवघड जातं. मला अनुभवाने जे कळलं ते असं, की आत्मा एका विशिष्ट गोष्टीवर बोट ठेवतो, "काल मुलाला उगाच मारलंस", आणि लगेच वाट पण दाखवतो, जा, त्याला जवळ घे. दोष देणारा मात्र सगळं एकात कालवतो, तू आईच वाईट, तू ख्रिस्तीच खोटी, आता प्रार्थनेला बसून काय उपयोग. ज्या आवाजाने तुम्ही देवापासून लांब पळता तो देवाचा नाही. हे लिहून काढलं की दिवसाच्या उजेडात लगेच दिसतं, मनात नुसतं फिरत राहिलं तर दिसत नाही, म्हणून वही.

४. शस्त्रसामग्री चढवा, पण मंत्रासारखी नको

इफिस ६:१३-१७ मधली देवाची शस्त्रसामग्री सगळ्यांना माहीत असते, संडे स्कूलमध्ये पुठ्ठ्याचं शिरस्त्राण आपण सगळ्यांनीच केलंय. पौल हे लिहिताना बेड्यांत होता, विसाव्या वचनात तो तसं स्वतःच म्हणतो, त्यामुळे शिपाई कसा दिसतो हे त्याला चांगलंच माहीत होतं. आणि त्या उताऱ्यात धावून जा, हल्ला करा असं कुठेच नाही. उभे राहा, टिकून राहा, हेच फिरून फिरून येतं. मला याचा फार दिलासा वाटतो, कारण कितीतरी पहाटा अशा असतात की मला नुसतं उभं राहण्यापुरतंच बळ असतं.

काही लोक रोज "मी शिरस्त्राण घालते, मी उरस्त्राण घालते" असं नुसतं बोलून टाकतात. बोलायला हरकत नाही, पण प्रत्येक वस्तूला दिवसभरातलं एक काम जोडा. सत्याचा कमरबंद, तर आज ऑफिसच्या बिलात खोटा आकडा टाकणार नाही. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, तर मी माझ्या चांगुलपणावर उभी नाही, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर आहे, म्हणून कोणी हिणवलं तरी छातीत घुसणार नाही. पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, तर आज ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे मी स्वतः जाईन. तारणाचं शिरस्त्राण डोक्याला, कारण शंका डोक्यातच शिरतात. ढालीबद्दल मात्र थोडं जास्त सांगते. रोमी शिपायाची मोठी ढाल दारासारखी असायची आणि ते शेजारी-शेजारी उभे राहून ढालींची भिंत करायचे, एकट्याच्या ढालीने तेवढं झाकलं जात नाही. याचा संबंध सहाव्या पायरीशी आहे.

आणि आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन, त्याच्यासाठी वेगळी पायरी.

५. वचन तोंडाने बोला

येशू रानात ४० दिवस उपाशी होता तेव्हा सैतान आला. प्रभूने त्याच्याशी वाद घातला नाही, तिन्ही वेळा "असा शास्त्रलेख आहे" म्हणून जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं वचन दिलं, ८:३, ६:१६ आणि ६:१३. तुम्ही मत्तय ४ आणि अनुवाद ६ ते ८ शेजारी ठेवून एकदा वाचाच. आणि हेही बघा की सैतानाने पण वचनच वापरलं, स्तोत्र ९१ मधलं. म्हणून एक ओळ उचलून वापरू नका, मागचं-पुढचं वाचून घ्या. स्तोत्र ९१ चं स्टिकर गाडीवर लावून हेल्मेट न घालणारी मंडळी आपल्याकडे आहेत, उडी मार म्हणून सैतानाने येशूला जे सांगितलं तेच हे झालं.

रोज एक वचन पाठ करा, आठवड्याला दोन झाले तरी खूप. मग प्रार्थना साधारण अशी होते, तुमच्या शब्दांत बदला:

"प्रभू येशू, तू वधस्तंभावर जिंकला आहेस, मी त्या विजयात उभी आहे. काल मी अमक्याचा राग धरला, मला क्षमा कर, मी त्यांना क्षमा करते. माझ्या मनात असं येतंय की तू मला टाकलंस, हे खोटं आहे, कारण तुझं वचन सांगतं की तुझ्या प्रीतीपासून मला काहीच वेगळं करू शकत नाही. आम्हांला वाइटापासून सोडव. माझ्या भावाला दारूतून सोडव. आमेन."

एवढीच. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच "वाइटापासून सोडव" आहे, म्हणजे जो माणूस ती मन लावून म्हणतो तो आधीपासूनच या लढाईत आहे.

६. एकटं लढू नका

निर्गम १७ मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं, खाली आले की हरायचं, आणि मोशेचे हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. मोशेसारख्याला दोन माणसं लागली. गेथशेमानेत प्रभूने स्वतः तिघांना जागं राहायला सांगितलं होतं.

आमच्या गटात आम्ही पहाटे पाचला दोघी-दोघी फोनवर प्रार्थना करतो, दहा मिनिटं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बसतो. नियम दोनच आहेत: इथलं बाहेर जाणार नाही, आणि "प्रार्थनेचा विषय" म्हणून कोणाची चुगली होणार नाही. दुसरा नियम मोडायला फार सोपा आहे, सांभाळा.

७. उपवास, आणि नवतपा

उपवासाने प्रार्थनेला धार येते हे खरं आहे, पण मे महिन्याच्या शेवटी नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, पाण्याशिवाय उपवास करू नका, कृपा करून. आमच्या ओळखीची एक मुलगी दुपारी सभेतच चक्कर येऊन पडली, सगळे "दुरात्मा, दुरात्मा" करत तिच्याभोवती जमले, एका काकूंनी वेळेवर तिला साखर-मिठाचं पाणी पाजलं. पाणी प्या, ताक प्या, एक वेळचं जेवण सोडा, नाहीतर फोन किंवा सिरीयल सोडा. शुगर, बीपीची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कुठे कुठे फसायला होतं

ओरडणं. आवाज चढला म्हणजे अधिकार वाढला असं नाही. यहूदाच्या पत्रात नवव्या वचनात आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी बोलताना स्वतः शिव्याशाप देत नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणतो. आणि प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले, तर जखमी होऊन उघडे पळाले. प्रभूशी ओळख नसताना नुसतं नाव वापरू नका. सैतानाशी गप्पा मारत बसू नका, प्रार्थना देवाशी करायची असते.

पैसे. दुरात्म्यापासून सुटकेच्या प्रार्थनेचा कोणी रेट सांगितला की तिथून उठून या.

आजाराला भूत म्हणणं. यावर मी जीव तोडून सांगते. मला काही वर्षांपूर्वी रात्री अडीचला दचकून जाग यायची, छाती धडधडायची, हात थरथरायचे, वजन उतरत होतं, आणि मी ठरवून टाकलं की हा हल्ला आहे. तीन महिने मी रात्री उठून फक्त "बांधत" होते, म्हणजे येशूच्या नावाने सैतानाला अडवत होते. आमच्या चर्चमधल्या एका नर्स बहिणीने माझा हात धरून पाहिला आणि म्हणाली, ताई, आधी रक्त तपासा. थायरॉईड वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत झोप लागायला लागली. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, पौल त्याला कलस्सै ४:१४ मध्ये प्रिय वैद्य म्हणतो, मग आपण डॉक्टरांकडे जायला काहून लाजायचं? उदासी, भास होणं, जीव द्यावासा वाटणं असेल तर प्रार्थना चालूच ठेवा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोला, पैसे लागत नाहीत. एलिया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं आणि भाकर-पाणी दिलं, उपदेश नंतर, १ राजे १९ वाचा.

कोणावर नाव घेणं. "तिने करणी केली", "त्याच्यात भूत आहे", असं कोणाबद्दल बोलणं किंवा भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं हे ख्रिस्ती नाहीच, शिवाय महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि हा गुन्हा आहे.

८. तारीख टाका आणि वाट बघा

वहीत प्रत्येक विषयासमोर सुरुवातीची तारीख लिहा आणि शेजारी जागा मोकळी सोडा.

दानीएल १० मध्ये उत्तर यायला २१ दिवस लागले, आणि तिथेच सांगितलंय की दानीएलचं बोलणं पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं होतं. पौलाने त्याला छळणारा शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, कृपा मिळाली, २ करिंथ १२. दोन्ही उत्तरंच आहेत.

आपल्या इकडचंच एक सांगते. कवी नारायण वामन टिळक नागपुरात नोकरीला होते, आणि १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला आणि प्रार्थना करायला सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुन्हा संसार जुळला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत टिळकांना रोज पहाटे काय वाटत असेल याचा मी बरेचदा विचार करते, विशेषतः आपल्या स्टेशनवर हावड्याकडची गाडी लागलेली दिसली की.

माझ्या वहीत भावाच्या दारूचं पान २०१६ चं आहे. मध्ये दोनदा सुटली, दोनदा परत लागली. दोन्ही वेळची तारीख लिहिलीय, सुटल्याची पण आणि लागल्याची पण. शेजारची जागा अजून मोकळी आहे, आणि मी आता त्याच्यासाठी प्रार्थनेला बसले की आधी त्याच्या बायकोला फोन करून विचारते, घरात किराणा आहे का. तुम्ही पण तुमच्या वहीत असं एक पान काढा, उद्याची तारीख टाका, आणि ज्या माणसाचं नाव लिहाल त्याला या आठवड्यात काय लागतंय ते खाली लिहा.